कपची थांबेपर्यंत

"तू तिथं नेमकं काय करायलीस गं?" गंगाखेडच्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात मला हा प्रश्न विचारला गेला. सुरुवातीला मी खरं उत्तर द्यायची. "प्लास्टिकची घनता मोजते." विचारणारी बाई आधी माझ्याकडे बघायची, मग आईकडे, आणि म्हणायची, "पगार येतोय ना वेळेवर? मग झालं." पुढे पुढे मी "पाईपाच्या कारखान्यात आहे" एवढंच सांगायला लागले.

परभणीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी बी.एस्सी. झाल्या झाल्या लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. सकाळी लिंगपूजा उरकायची, डबा घ्यायचा आणि गंगाखेडहून गाडी धरायची. लग्नानंतर परभणीतच राहायला आले, म्हणून गाडी सुटली. काम तेच राहिलं.

आमच्याकडे तीन तऱ्हेचा माल निघायचा. पाणीपुरवठ्याचे जाड काळे पाईप, शेतातल्या तुषार सिंचनाचे पाईप आणि ठिबकच्या नळ्या. दिसायला सगळे सारखेच काळे. पण ज्या पाईपाला आतून पाण्याचा दाब सोसायचा असतो, त्याचा माल घट्ट लागतो. ठिबकच्या नळीला वाकायचं असतं, म्हणून तिचा माल हलका आणि लवचीक. आणि त्यात कुणी खडूची भुकटी मिसळली, तर तुकडा एकदम जड होतो. हा सगळा फरक दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यात असतो. हातावर घेऊन तो कुणालाच कळत नाही. मलाही कधी कळला नाही.

त्यासाठी आमच्याकडे काचेची एक उभी नळी होती, मीटरभर उंच. तिच्यात अल्कोहोल आणि पाणी असं भरायचं, की तळाशी पाणी जास्त आणि वरती अल्कोहोल जास्त. मध्ये कुठे रेघ दिसायची नाही. खालून वर जाताना द्रव हळूहळू हलका होत गेलेला असायचा. त्यात काचेचे रंगीत पोकळ मणी सोडलेले असत. प्रत्येक मण्याची घनता आधीपासून ठाऊक. निळा एका उंचीवर, तांबडा त्याच्याखाली, हिरवा आणखी खाली, सगळे अधांतरी. मग पाईपाची तुरीच्या डाळीएवढी कपची कापायची, अल्कोहोलमध्ये बुचकळायची म्हणजे तिला हवेचा बुडबुडा चिकटून राहत नाही, आणि चिमट्याने अलगद सोडायची. कपची खाली जाते, जाता जाता मंदावते, आणि जिथला द्रव तिच्याएवढाच जड आहे तिथे थांबते. अर्धा-पाऊण तास लागतो. मग शेजारचे मणी बघून तिचा आकडा काढायचा. काम म्हणाल तर एवढंच.

पण ही नळी भरणं म्हणजे एक अनुष्ठान होतं. थेंब थेंब सोडत अर्धा दिवस जायचा. नंतर एक दिवस तिला हात लावायचा नाही. जमिनीत रुतवलेल्या शहाबादी फरशीवर ती उभी असे, कारण बाजूने मालट्रक गेला तरी मणी हलायचे. शिवाय तिला कायम एकच तापमान लागायचं, आणि तेही परभणीच्या मे महिन्यात! नळीभोवती गार पाण्याचं काचेचं आवरण होतं, खोलीला एसी होता, पण वीज गेली की काय? मग बर्फाची लादी, ओली गोणपाटं आणि देवाचं नाव. आमच्या अख्ख्या कारखान्यात गारव्यात बसणारं एवढंच एक यंत्र, म्हणून कामगार त्याला "जावईबापू" म्हणायचे. आत अल्कोहोल आहे हे कळल्यावर काहींची त्याच्यावरची माया जास्तच वाढली. एकाने मला अगदी आदबीने विचारलं, "मॅडम, जुनं झालेलं तुमी काय करताव?" मी म्हटलं, "ते प्यायलं तर जीव जाईल." तो म्हणाला, "न्हाई, सहज इचारलं."

एकदा वडील बघायला आले. आमचं गंगाखेडला किराणा दुकान. आप्पांचा सगळा जन्म काट्यासमोर गेलेला. खोलीत आले, टोपी नीट केली आणि चहूकडे बघून म्हणाले, "काटा कुठाय?"

"काटा दुसऱ्या कामाला आहे, आप्पा. हे पाण्यावर जोखायचं."

मी त्यांच्यासमोर एक कपची सोडली. त्यांना स्टूल दिलं. मला वाटलं, दोन मिनिटांत कंटाळतील. पण ते मांडीवर हात ठेवून कपची थांबेपर्यंत बसून राहिले. थांबली तेव्हा म्हणाले, "आपल्या दुकानात गिऱ्हाईक इतका दम धरत न्हाई." घरी जाऊन त्यांनी आईला काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर पगाराची चौकशी करणाऱ्या बायकांना आई स्वतःच उत्तर द्यायला लागली.

आमच्याकडे बाहेरच्या लोकांचे नमुने तपासायची पद्धत नव्हती, तरी लोक यायचे. राणीसावरगावचे एक शेतकरी आले होते. पिशवीतून हातभर काळा पाईप काढून टेबलावर ठेवला. "बाई, ह्यो खरा हाय का खोटा तेवढं सांगा. स्वस्तात घेतलाय आन् आता उन्हात तडकायलाय."

मी कपची कापून सोडली. ती निळ्या मण्यापाशी थांबली नाही, तांबड्यापाशी नाही, हिरव्यापाशीही नाही. खडा टाकावा तशी तळाला जाऊन बसली.

"ह्यात खडू मिसळलाय, काका. पुष्कळ."

त्यांनी तळाकडे वाकून बघितलं. रागावतील असं मला वाटलं होतं. "आसं व्हय," ते म्हणाले, "मंग शाळंला द्यायचा व्हता की. पोरं फळ्यावर लिवली असती." त्या हिवाळ्यात ते हुरडा घेऊन आले आणि सोबत गावातल्या आणखी पाच-सहा जणांचे पाईपाचे तुकडे. कागदाच्या पुड्यांत, प्रत्येकावर नाव घालून. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते दारातून बघत होते. म्हणाले, "शैलाताई, आता दवाखाना उघडा." पण अडवलं नाही.

भाऊ तसे चांगले होते. पटकन तापायचे, पटकन निवायचे. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढची हकीकत ऐकून त्यांच्याबद्दल गैरसमज व्हायला नको.

कारखान्यात पाईप ओढायचं मोठं यंत्र चालवायचे रझाकभाई. वयाने माझ्याहून बरेच मोठे. यंत्राच्या एका तोंडाला प्लास्टिकचे दाणे ओतायचे, ते आत वितळतात आणि दुसऱ्या तोंडातून गरम, मऊ पाईप निघतो. तो लगेच पाण्याच्या हौदातून ओढत नेऊन गार करायचा आणि बंडल गुंडाळायचं. रझाकभाईंच्या पाळीत यंत्राचा आवाजसुद्धा वेगळा यायचा, असं सगळे म्हणत. माझा त्यांच्याशी संबंध नमुन्यापुरताच. ते काचेच्या दाराबाहेर उभे राहून दाण्यांची पुडी द्यायचे. "मॅडम, नया माल." मी म्हणायची, "ठेवा." एवढंच बोलणं.

एका उन्हाळ्यात बोरीकडच्या एका वाडीच्या नळयोजनेसाठी आम्ही पाईप काढले. चारी खणून तयार होती. वाडीच्या सरपंच कौसाबाई रोज फोन करायच्या. पाईप उचलायच्या आधी ठेकेदाराने तुकडे कापून बाहेरच्या एका प्रयोगशाळेत पाठवले आणि निकाल आला, घनता कमी. म्हणजे दाबाच्या पाईपाला लागणारा घट्ट माल हा नाही, त्यात हलका माल मिसळला असावा.

भाऊ तापले. त्यांच्या डोक्यात एकच आलं. चांगल्या मालाच्या गोण्या बाहेर विकल्या गेल्या आणि त्या जागी हलका माल भरला गेला. यंत्रावर कोण होतं? रझाकभाई. सगळ्या कामगारांसमोर भाऊ त्यांना म्हणाले, "इतकी वर्षं भरवसा ठेवला आणि तू हे केलंस?"

रझाकभाई तसेच माझ्या दारापाशी आले. पहिल्यांदाच हातात पुडी नव्हती.

"मॅडम, मी हरामाचं काम केलेलं न्हाई. तुमी बघा. तुमच्या नळीत बघा."

मी बघितलं. वाडीसाठी गोदामात ठेवलेल्या प्रत्येक बंडलाचा तुकडा कापून आणला, कपच्या केल्या, सोडल्या.  सगळ्याच कपच्या पाहिजे त्याहून वर थांबल्या. बाहेरचा निकाल खरा होता.

पण मला एक गोष्ट खटकत होती. दाणे आले तेव्हा मीच तपासले होते आणि ते बरोबर होते. बरं, मिसळलेल्या मालाच्या कपच्या खालीवर विखरून थांबतात. ह्या जवळजवळ एका उंचीवर होत्या, सारख्याच थोड्या वर. एक जरा जास्तच वर होती, तिला बुडबुडा चिकटला असेल असं मी धरलं. मी रझाकभाईंकडे गेले. विचारलं, "ह्या महिन्यात यंत्रावर काय बदललं? काहीही असो."

त्यांनी विचार केला. "काय न्हाई. माल तोच, साचा तोच. एक ते पाणी तेवढं."

"पाण्याचं काय?"

"उन्हाळ्यात हौद तापतो म्हून भाऊंनी पाणी गार करायची मशीन बसवली न्हाई का. आता आसं गार पाणी येतंय, हात घातला तर बधीर व्हतो."

मी तिथेच थांबले. प्लास्टिक गार होतं तेव्हा आतल्या लांब लांब साखळ्या घड्या घालून एकमेकींना लागून बसतात. पंगतीला लोक बसतात तसं. वेळ दिला तर सगळे नीट सरकून खेटून बसतात आणि माल घट्ट होतो. घाई केली तर मध्ये जागा राहतात आणि तोच माल हलका भरतो. गार पाण्याने आमच्या पाईपाची पंगत घाईत बसवली होती. ह्याची परीक्षाही सोपी. कपच्या पाण्यात उकळायच्या आणि त्याच पाण्यात सावकाश निवू द्यायच्या. माल मुळात चांगला असेल तर तो आपल्या जागेवर येतो. हलका माल मिसळलेला असेल तर किती का उकळा, वरच राहतो. खरं तर तयार पाईप तपासायचा तर आधी असं निववूनच तपासायचा असतो. बाहेर पाठवलेले तुकडे आले तसेच टाकले गेले होते, आणि घाईत मीही तेच केलं होतं.

मी भाऊंना सांगितलं. भाऊंनी ठेकेदाराला बोलावलं, आणि ठेकेदाराबरोबर कौसाबाईही आल्या, पदर खोचून, चपला वाजवत. "आमाला त्ये घनता-फिनता कळत न्हाई. पाईप चांगला हाय का न्हाई तेवढं सांगा. चारी बुजायलीय वाऱ्यानं."

रझाकभाईंनाही मीच बोलावून घेतलं होतं. ते दारातच उभे राहिले. कपच्या रात्रभर निवत ठेवल्या होत्या. कुठली कोणत्या बंडलाची हे कळावं म्हणून प्रत्येकीचा आकार वेगळा कापलेला, कुणी त्रिकोणी, कुणी चौकोनी, कुणाला एक खाच, कुणाला दोन. सगळ्यांसमोर एकेक करून मी त्या सोडल्या.

 कपच्या उतरत होत्या. पहिली निळ्या मण्याला ओलांडून खाली आली आणि जिथे यायला पाहिजे तिथे थांबली. दुसरी तिच्याशेजारी. तिसरी, चौथी. भाऊंनी मोठा श्वास सोडला. मी ठेकेदाराला समजावून सांगत होते, तो मान हलवत होता. पाईपाची दाबाची चाचणी आधीच पास होती, आता घनतेचंही मिटलं. रझाकभाईंच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नव्हता, पण त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं ते काचेत दिसलं.

तेवढ्यात कौसाबाई म्हणाल्या, "आन् मंग ह्यी एकटी वर का थांबायलीय?"

मीही ती बघितली होती. दोन खाचांची कपची. मला वाटत होतं ती अजून उतरते आहे. ती उतरत नव्हती. निळ्या मण्याच्याही वर ती स्थिर उभी होती.

 भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. एका कपचीला काय, बुडबुडा चिकटला म्हणता येतं. पुन्हा उकळून बघू म्हणता येतं. कौसाबाई बोलेपर्यंत ठेकेदाराला तर ती दिसलीही नव्हती. आणि ती गोष्ट खरी निघाली तर आत्ता सुटलेला माणूस पुन्हा अडकणार होता. पण त्या बंडलातून कौसाबाईंच्या वाडीचं पाणी जाणार होतं. तो पाईप जमिनीखाली गेल्यावर कधीतरी दाबाने फुगला असता, फाटला असता, आणि कुठे फाटला हे शोधायला पुन्हा सगळी चारी उकरावी लागली असती. मी नळीकडे बघत म्हणाले, "ह्या बंडलात हलका माल मिसळलाय. हे एक द्यायचं नाही."

दारातून आवाज आला. "भाऊ, ते बंडल माझ्या पाळीचं हाय."

रझाकभाई आत आले नाहीत. उंबऱ्यावरूनच बोलले. "त्या दिवशी ठिबकचा माल बी शेजारीच उतरवला होता. गोण्या सारख्याच. एखादी मीच फोडून टाकली आसंल. दुसऱ्या कुणाला इचारू नका."

गोणी चुकली होती, चोरी झाली नव्हती. हे भाऊंनाही कळलं, आणि चोरीचा आळ त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर मागे घेतला. ते बंडल बाजूला काढलं, दुसरं ओढून दिलं आणि वाडीची लाईन पुरली गेली. कौसाबाईंनी पाणी सुरू झाल्याचा फोन मला केला. भाऊंना नाही, मला. "बाई, आलं बगा पाणी!" असं ओरडून त्यांनी फोन नळाजवळ धरला.

पण रझाकभाईंना यंत्रावरून काढून गोदामात टाकलं. भाऊंचं म्हणणं, चूक ती चूक. मी दोनदा बोलून बघितलं. दुसऱ्यांदा भाऊ म्हणाले, "तुम्हीच तर दाखवलंत ताई." मी माझ्या खोलीत परत आले. 

गोदामाचा रस्ता माझ्या खोलीवरूनच जायचा. रझाकभाई गोण्यांची हातगाडी ढकलत जायचे आणि काचेकडे बघायचे नाहीत. ईदला त्यांच्या घरून कारखान्यात सगळ्यांना येणारा शीरखुर्मा मात्र मलाही आला, नेहमीसारखा. तो मला गिळवेना.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. यंत्रावर आलेला नवा माणूस हुशार होता, पण पाईपाची जाडी कुठे कमी, कुठे जास्त व्हायला लागली. शेवटी भाऊ स्वतः गोदामात गेले. त्यांचं काय बोलणं झालं मी ऐकलं नाही. नंतर भाऊच येऊन म्हणाले, "शैलाताई, तो येतोय. पण त्याची एक अट आहे. दरवेळी माल बदलला की पहिल्या पाईपाचा तुकडा तुमच्याकडे येणार आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय बंडल उचलायचं नाही. तुमचं काम वाढलं बघा."

माझं काम वाढलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तुकडा आणायला यंत्रावर दुसरी माणसं होती, पण रझाकभाई स्वतः यायचे. दाराबाहेर उभे राहायचे. कपची उतरेपर्यंत आम्ही बोलायचो. त्यांच्या मुलीचं डी.एड., माझ्या सासूबाईंचं आजारपण, उन्हाळा, पाणी, जुन्या निजामी काळातले त्यांच्या आजोबांचे किस्से. सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या हप्त्यांत. माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं कोणती विचाराल तर मी तीच सांगेन.

आता नवं यंत्र आलंय. तुकडा हवेत तोलतं, द्रवात बुडवून तोलतं आणि चहा निवायच्या आत आकडा दाखवतं. आकडा बरोबर असतो, माझी तक्रार नाही. निवृत्त व्हायच्या आधी मीच नव्या लागलेल्या मुलींना ते शिकवलं. नळी काढून ठेवली तेव्हा मणी मी मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवले. आता ते कुठे आहेत मला माहीत नाही. कपची उतरताना कोणाशी बोलायचं, हे त्या मुलींना कधी कळणार नाही, एवढंच वाटतं.

ह्या सगळ्याच्या आधी रझाकभाई निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी तुकडा घेऊन आले आणि दाराशी नेहमीसारखे थांबले नाहीत. म्हणाले, "मॅडम, आज आत येऊ का?"

इतकी वर्षं ते आत आलेच नव्हते, हे मला तेव्हा जाणवलं. तेलकट चपला, म्हणून. त्या दिवशी त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाय झटकले आणि आत आले. मी त्यांच्या हातात चिमटा दिला. नळीत कपची दुसऱ्या कुणाला मी कधी सोडू दिली नव्हती. कपची अलगद सुटली. ते स्टुलावर बसले, मी खुर्चीवर. कपची चाललेली.

"मॅडम, एक सांगू का? त्या दिवशी ती कपची वर थांबली तवा तुमी माझ्याकडं बघितलं न्हाई."

मी कपचीकडे बघत राहिले. ते पुढे बोलत होते.

"बघितलं आसतं ना, तर मला वाटलं आसतं की ह्या मला वाचवायला बघायल्यात. मंग मी गप बसलो आसतो. तुमी बघितलं न्हाई, म्हून तर बोलायला जमलं."

मी म्हटलं, "भाई, मी तेवढा विचार करून नव्हते वागले. मी घाबरले होते."

ते हसले. दात नसलेलं तोंड भरून हसले.

"मी बी," म्हणाले.